वळणावरच्या दोन गुंड्या

आमच्या घरात शर्टाला बटण असे आणि रस्त्याला गुंडी. यात काही वेगळे आहे हे मला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. आमचे घराणे तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बंगळूरला आले असे वडील सांगत. फौजेच्या पुढून आले असे मात्र त्यांनीही कधी सांगितले नाही. मागून, कागद सांभाळत आले असावे. तेव्हापासून आम्ही घरात मराठी बोलत होतो, आणि त्या मराठीत कन्नड शब्द कधी येऊन बसले याची नोंद कुणी ठेवली नव्हती. रस्त्यातल्या खड्ड्याला कन्नडमध्ये गुंडी म्हणतात. आम्हीही तेच म्हणत होतो आणि ते मराठी आहे असे समजत होतो.

एकोणीसशे पन्नासचे दशक संपत आले होते. बसवनगुडीत तेव्हा मोटारी मोजक्या आणि सायकली अमाप. सकाळी नऊच्या सुमाराला आमच्या उतारावरून कारकुनांचा लोंढा खाली जाई. पायजम्याला किंवा पँटीला घोट्यापाशी क्लिप, कॅरिअरवर जेवणाचा डबा. मीही त्या लोंढ्यात असे. संध्याकाळी सायकलला दिवा नसला तर पोलीस धरत. रस्त्याला दिवा नसला तर कुणाला धरावे हे कायद्यात नव्हते.

त्या लोंढ्यात आमच्या बाजूने एकच बाई होती, माझी थोरली बहीण. तिला मी अक्का म्हणत असे, आणि हळूहळू सगळी गल्ली म्हणू लागली होती. ती दंडूमध्ये, म्हणजे कँटोन्मेंटकडे, मुलींच्या एका शाळेत गणित शिकवायची. नोकरी तात्पुरती होती. वर्ष नीट गेले तर एप्रिलमध्ये कायम करू, असे मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितले होते. ‘नीट’ याचा अर्थ हजेरीच्या पुस्तकात लाल रेघ न पडणे. पावणेदहा वाजले की बाई स्वतः त्या दिवसाच्या सह्यांखाली लाल रेघ ओढत, आणि रेघेखाली सही करणाऱ्या शिक्षिकेकडे बघतही नसत.

सायकलने अक्का रेघेच्या वर असे. बसने जायचे तर मार्केटला बस बदलावी लागे, आणि दुसरी बस कधी येईल ते बसवाल्यांनाही माहीत नसे.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. मारुतीच्या देवळापाशी आमचा रस्ता वळतो. त्या वळणावर शेजारी शेजारी दोन गुंड्या होत्या, एक मोठी, एक तिची धाकटी बहीण म्हणावी तशी. बस वळणावर आली की सायकलवाल्याला कडेला दाबत असे, आणि कडेला या दोघी. त्या संध्याकाळी बसने अक्काला दाबले. ती मोठीत गेली. उजवे मनगट मुरगळले, पुढचे चाक वाकले. एका दुकानदाराने तिला उठवले, सायकल कडेला लावली, आणि बाईमाणसाने सायकलवर का बसू नये हे पाणी देता देता सांगितले.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णांनी चाक स्वतः सरळ करून आणले. मग सायकल मागच्या पडवीत नेली, खांबाला साखळी बांधली, कुलूप घातले आणि किल्ली जानव्याला बांधली.

“गुंडी बुजली की सायकल,” ते म्हणाले. “तोवर बस.”

“बसनं उशीर होतो, अण्णा.”

“उशीर झाला तर नोकरी जाईल. सायकलवरनं गेलीस तर तू जाशील. नोकरी दुसरी मिळते की.”

“नाही मिळत,” अक्का म्हणाली.

पुढच्या पंधरा दिवसांत तिची सही तीनदा लाल रेघेखाली पडली. तिसऱ्यांदा मुख्याध्यापिकाबाई तिच्याकडे बघून बोलल्या. म्हणजे गोष्ट गंभीर होती. पुढच्या वर्षी शाळेजवळ राहणारी शिक्षिका बघावी लागेल की काय, असे त्या विचारात पडल्या होत्या.

सुदैवाने म्हणा किंवा काही म्हणा, कॉर्पोरेशनच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. निवडणुकीच्या आधी महिनाभर माणसाला आपल्या रस्त्यात खड्डे आहेत हे बोलून दाखवता येते आणि समोरचा ते ऐकतो. आम्ही सायकलवाल्यांनी एक संघ काढला. रविवारी सकाळी बागेत सभा भरे. पहिल्या रविवारी संघाला नाव काय द्यावे यावर चर्चा झाली. दुसऱ्या रविवारी नाव कुठल्या भाषेत असावे यावर. तिसऱ्या रविवारी अध्यक्ष निवडले. ते निवृत्त अधिकारी होते, वयाने सगळ्यांत मोठे होते आणि त्यांना सायकल येत नव्हती. मी चिटणीस झालो, कारण कागद माझ्याकडे होता. अक्का तिन्ही सभांना आली आणि तिन्ही वेळा तिने विचारले, “गुंडीचं काय?” अध्यक्ष म्हणाले, आधी संघाची घटना होऊ द्या.

चौथ्या रविवारी ती आली नाही. तिने घरी बसून इंग्रजीत अर्ज तयार केला.

त्याच दुपारी आमच्या वॉर्डातले एक उमेदवार घरी आले. हे आपल्यांपैकीच, म्हणजे घरात मराठी बोलणारे. त्यांचे चार वर्षांचे शिक्षण पुण्यात झाले होते, आणि त्या चार वर्षांनी आमची तीनशे वर्षे झाकून टाकली होती. आमच्या घरी आले की ते पहिल्यांदा आमचे मराठी दुरुस्त करीत आणि मग खुर्चीवर बसत. येत मोटारीतून. मोटार गल्लीत मावत नसे, म्हणून ती तोंडाशी उभी राही आणि सगळ्या गल्लीला कळे की ते कुठे बसले आहेत.

“स्वल्प कॉफी घ्या की,” अण्णा म्हणाले.

“थोडी, अण्णासाहेब. थोडी म्हणावं. स्वल्प संस्कृतात ठीक आहे.”

“सरी,” म्हणजे बरं, असे अण्णा म्हणाले, आणि त्यांना थोडी कॉफी दिली.

अक्काने इंग्रजी अर्ज पुढे केला. त्यांनी तो वाचलाच नाही. हात वर करून म्हणाले, “भगिनी, हे इंग्रजी कशाला? आपण आपल्या भाषेत मागू. मला मराठीत निवेदन द्या. पुढची भाषांतरं माझा लेखनिक करील.”

“कॉर्पोरेशनला मराठी येत नाही,” अक्का म्हणाली.

“मला येतं,” ते म्हणाले.

मग मी कागद घेतला. अक्काचे मनगट अजून दुखत होते, म्हणून ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. ते निवेदन मला अजून पाठ आहे: ‘मारुतीच्या देवळाजवळच्या वळणावरील दोन गुंड्यांमुळे सायकलवरून जाणाऱ्यांस फार धोका झाला आहे. त्यांतील मोठीने मागच्या महिन्यात मला पाडले. तरी निवडणुकीची वाट न पाहता दोघींचा कायमचा बंदोबस्त व्हावा.’ खाली अक्काची सही, डाव्या हाताने. मी ते वाचून बघितले आणि मला ते फार चांगले मराठी वाटले.

आठवड्याने उमेदवारांची सभा झाली. शाळेच्या मैदानात मांडव, कर्णा, पुढे सतरंज्या. अण्णा उपरणे घेऊन पहिल्या रांगेत; अक्का बायकांच्या बाजूला. उमेदवारांनी सुरुवातीला इतिहास घेतला, त्याला बराच वेळ लागला. मग ते आमच्या वळणापर्यंत आले.

“याच वस्तीत,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कर्ण्यातून देवळापर्यंत गेला, “माझ्या एका सुशिक्षित भगिनीला, सायकलवरून घरी येत असता, दोन गुंडांनी गाठलं! त्यांतल्या मोठ्यानं तिला खाली पाडलं! मी पोलीस खात्याला पत्र लिहिलं आहे. या गुंडांचा मी कायमचा बंदोबस्त करीन!”

टाळ्या झाल्या. आमच्या वस्तीत सायकलवरून येणारी भगिनी एकच होती, त्यामुळे टाळ्या वाजवता वाजवता सगळे अक्काकडे बघू लागले. अण्णांनी वळून बघितले नाही. ते उठले, उपरणे सारखे केले आणि घरी निघाले.

घरी पोचलो तेव्हा ते ओसरीवर उभे होते.

“दोघे होते?”

“कोण दोघे?” अक्का म्हणाली.

“गुंडीत पडले म्हणून सांगितलीस मला!”

“गुंडीतच पडले!”

“मग तो दोन गुंड म्हणून का सांगतो? मोठा कोण आणि बारका कोण?”

“मोठी, अण्णा! मोठी गुंडी! मारुतीजवळची!”

दोघे बराच वेळ एकमेकांवर ओरडले. दोघांनाही एकच राग आला होता, पण निराळ्या गोष्टीचा. समोरच्या घरातल्या बाई पायरीवर आल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, पोरीला का ओरडता, तिचा काय दोष, हल्ली रौडी, म्हणजे गुंड, फार झालेत. त्या रात्रीपर्यंत गुंडांची उंचीही गल्लीला कळली होती.

दुसऱ्या दिवशी उमेदवारांकडून पाकीट आले. आत आमचे निवेदन, शुद्ध करून. लाल पेन्सिलीने त्यांनी ‘गुंड्यांमुळे’ मधला य काढून ‘गुंडांमुळे’ केले होते. ‘मोठीने’ चे ‘मोठ्याने’ आणि ‘दोघींचा’ चे ‘दोघांचा’ केले होते. समासात लिहिले होते: ‘गुंड हा शब्द पुल्लिंगी आहे.’ शेवटी प्रेमाने: ‘लेखनाकडे लक्ष द्यावे.’

त्यांना कन्नड येत नव्हते असे नाही. मते मागायला ते उत्तम कन्नड बोलत. पण मराठी वाचायला बसले की ते कन्नड बाहेर चपलांपाशी ठेवून येत. आणि मोटारीतून जाणाऱ्याला वळणावर काय आहे हे कळण्याचे कारणच नव्हते. मी कोश काढून बघितला. गुंडी: बटण. आणखी बरेच काही होते, पण रस्ता कुठे नव्हता. तीनशे वर्षांनंतर त्या दिवशी मला कळले की आम्ही खड्ड्यात पडत होतो ते कन्नडमध्ये.

अण्णांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. त्यांच्या मिशा एकदा हलल्या.

“शुद्ध केलाय,” ते म्हणाले.

“मग किल्ली द्या,” अक्का म्हणाली. “गुंड नाहीत हे कळलं ना?”

“गुंड नाहीत. गुंडी आहे की.”

अक्का पुन्हा बसने गेली. त्या आठवड्यात तिची सही चौथ्यांदा रेघेखाली पडली. आता गल्लीतले लोकही तिला सहानुभूतीने वाट देत, आणि ती सहानुभूती तिला मनगटापेक्षा जास्त दुखत असावी, कारण तिने संघाच्या अध्यक्षांना सरळ विचारले की तुमची घटना झाली का. झाली नव्हती.

मग वळणावर पोलीस आला.

आम्हांला वाटले होते पत्राचे काही होणार नाही. पण निवडणुकीच्या दिवसांत बाईला रस्त्यात पाडल्याची तक्रार, तीही उमेदवाराच्या सहीने; खात्याने एक शिपाई सकाळ-संध्याकाळ वळणावर उभा केला. खाकी अर्धी चड्डी, हातात काठी. दोन दिवस तो प्रत्येक सायकलवाल्याकडे रोखून बघत होता. आम्ही सगळे कारकून. आमच्याकडे कुणी इतके रोखून पूर्वी बघितले नव्हते. कित्येकांनी शर्टाची वरची बटणे लावायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का बसथांब्याकडे निघाली होती, मी सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालत होतो. तिने त्याला कन्नडमध्ये विचारले, कुणाची वाट बघताय?

“इब्बरु रौडी, अक्का,” तो म्हणाला. दोन रौडी. “एक मोठा, एक बारका. तुम्हांला माहीत आहेत?”

अक्काने पायातली चप्पल पुढे करून मोठीच्या काठावर टेकवली. “इवरे इब्बरु,” ती म्हणाली. हेच ते दोघे.

शिपाई गुंडीकडे बघत राहिला. मग धाकटीकडे बघितले. मग म्हणाला, “नेन्ने नानू बिद्दे.” काल मीही पडलो. त्याचीही सायकल होती, देवळाच्या भिंतीला टेकवलेली. मडगार्ड चेपले होते.

त्याला तिथून हलायची परवानगी नव्हती, आणि गुंड तर सापडून झाले होते. मग त्याने वेळ घालवण्यासाठी म्हणून जे केले, ते आमच्या संघाच्या कुठल्याही ठरावात नव्हते. बस वळणावर आली की तो रस्त्याच्या मधे जाऊन हात वर करी. बस थांबे. सायकलवाले गुंड्या सोडून रस्त्याच्या मधोमध वळत, आणि शेवटचा सायकलवाला गेला की तो बसला सोडी. पहिल्या दिवशी ड्रायव्हरने शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच हळू झाला. चौथ्या दिवशी बस वळणाआधी आपण होऊन थांबू लागली. मी त्या रस्त्याने सहा वर्षे जात होतो; बस सायकलसाठी थांबते हे मी पहिल्यांदा बघितले.

अण्णा रोज सकाळी मारुतीला जात. त्या आठवड्यात त्यांचा मारुती लांबला. मी उतारावरून जाताना ते देवळाच्या पायरीवर उभे दिसत, देवाकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस.

सहाव्या दिवशी सकाळी ते पडवीत गेले, जानवे पुढे ओढून वाकले आणि किल्ली न सोडता तशीच कुलपाला लावली. साखळी खाली पडल्याचा आवाज झाला. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“पोलीस आहे तोवर,” अण्णा म्हणाले.

त्या दिवशी तिची सही रेघेच्या वर होती, पहिली.

निवडणूक झाली. आमचे उमेदवार पडले. अण्णांनी मत त्यांनाच दिले होते. “काही झालं तरी त्यानं पोलीस आणला,” ते म्हणाले. “चुकून आणला म्हणून काय झालं? बाकीच्यांनी बरोबर लिहून काय आणलं?” निवडून आलेल्या कौन्सिलरांची मिरवणूक त्याच वळणावरून गेली, लोकांच्या खांद्यावर असल्यामुळे त्यांना गुंड्यांचा त्रास झाला नाही. निकालानंतर चार दिवसांनी शिपाई गेला. जाताना त्याने सांगितले की त्याने वर अहवाल दिला आहे: रौडी आढळले नाहीत, दोन गुंड्या आढळल्या. त्या कागदावर कुणी काही केले असल्यास मला ठाऊक नाही.

शाळेचे वर्ष संपायला पाच आठवडे उरले होते. रविवारी संध्याकाळी अक्काने सायकल स्वतःच पडवीत नेऊन ठेवली आणि साखळी न बांधता बाजूला ठेवली. अण्णांनी तिच्याकडे बघितले, साखळीकडे बघितले, आणि चुन्याची बादली घेऊन मागच्या अंगणात गेले.

सोमवारी आम्ही उतारावरून निघालो तेव्हा वळणावर, दोन्ही गुंड्यांच्या काठावर, मोठीपाशी मोठा आणि धाकटीपाशी बारका असा एकेक दगड होता, पांढराशुभ्र रंगवलेला. बसला त्यांच्यावरून जाता येत नव्हते आणि त्यांना कडेला दाबताही येत नव्हते. ती लांबून वळली. अक्का दगड आणि बस यांच्या मधून गेली. अण्णांनी ते दगड तिथवर कसे नेले हे त्यांनी सांगितले नाही. दोन दिवस ते कंबर धरून बसले होते.

देवळाजवळ पांढरा दगड ठेवला की पुढे काय होते हे अण्णांच्या लक्षात यायला हवे होते. बुधवारी एका दगडावर कुंकू होते. शुक्रवारी दोन्हींवर शेवंतीची फुले. पुढच्या आठवड्यात सायकलवाले हँडलवरचा एक हात काढून नमस्कार करू लागले, त्यात आमचे अध्यक्षही होते, पायी.

महिन्याने कॉर्पोरेशनची माणसे आली. सार्वजनिक रस्त्यात अडथळा उभारल्याची तक्रार होती, बहुधा बसवाल्यांची. मी ऑफिसातून परतताना तिथे पोचलो, अण्णा आधीच पायरीवर होते. मुकादमाने दगड हातगाडीवर घालायला सांगितले. मजुरांनी कुंकवाकडे बघितले आणि हात मागे घेतले. देवाचा दगड कचऱ्याच्या गाडीत घालणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मुकादमही हात लावायला तयार नव्हता. बरीच बोलाचाली झाली. शेवटी एका मजुराने तोडगा काढला: दगड कुठे न नेता तिथेच मानाने जमिनीत घालावेत. खोदायला नको, जागा तयारच होती. मोठा दगड मोठीत बसला, बारका बारकीत. वर माती, खडी, धुमसाने ठोकले. एकाने जाताना वर फूल ठेवले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अक्काला कायम केल्याचे पत्र मिळाले. त्यात चार वेळा उशीर झाल्याचा उल्लेख होता, आणि पुढे तसे होणार नाही अशी अपेक्षा.

साखळी आणि कुलूप पडवीतल्या खिळ्याला टांगले गेले, पण किल्ली अण्णांच्या जानव्यालाच राहिली. श्रावणीला जानवे बदलले की ते ती जुन्यावरून सोडून नव्याला बांधत. एका वर्षी अक्काने विचारलेच.

“अण्णा, ती किल्ली अजून कशाला? गुंडी बुजून किती वर्षं झाली.”

“बुजते,” अण्णा म्हणाले, गाठ दाताने ओढत. “परत पडते.”

“सरी,” अक्का म्हणाली, आणि सायकल काढून शाळेला गेली.